रुमालाखालचा दिवा

वरुडकडच्या एका कसब्यात नत्थुजी दलालांची बोटं मशहूर होती. संत्र्याच्या बाजारात दलाल आणि व्यापारी एका रुमालाखाली हात घालत, बोटं दाबून भाव ठरवत, आणि ज्याची संत्री तो शेतकरी शेजारी आभाळाकडे बघत उभा. नत्थुजींनी सारा जन्म याच धंद्यात काढला. माणूस सचोटीचा, पण सवय ती सवय.

एकदा अमरावतीला ते विजेचे दिवे पाहून आले आणि पार वेडे झाले. "बटन दाबलं का लख्ख! तेल नाई, वात नाई!" दिसेल त्याला हेच. या वेडापायीच ते म्युनिसिपल कमिटीवर निवडून आले. कमिटीनं ठरवलं, कर्ज काढून इंजिन बसवायचं आणि घरोघर दिवापट्टी लावून ते फेडायचं. लोकही राजी झाले. नत्थुजींचे पाय जमिनीवर ठरेनात.

मग नागपूरहून ठेकेदार आला. भर सभेत, साऱ्या गावासमोर, नत्थुजींनी खांद्यावरचा रुमाल ओढला आणि सवयीनं त्याच्या हातावर टाकला! बोटं चालली, मुंडी हलली, नत्थुजी आनंदानं ओरडले, "जमलं! लई सस्त्यात जमलं!"

मागून कुणीतरी म्हणालं, "मेंबरचे किती अन् गावाचे किती?" संध्याकाळपर्यंत गावानं ठरवूनच टाकलं, दिवापट्टी कोणी भरायची नाही.

नत्थुजींच्या काळजाला घरं पडली. एक पै खाल्ली नव्हती बिचाऱ्यांनी. भाजीवाल्या लीलाबाईंपाशी ते कुरकुरले, तर ती बाई कसली गप्प बसते!

"नत्थुभाऊ, तुमी खाल्लं नाई, मले मालूम हाये. पण मले दिसलं कुठं? पट्टी मी भरीन, अन् भाव तुमी झाकून राहिले. कावून?"

बाजाराच्या दिवशी नत्थुजींनी ठेकेदाराला ओढतच चौथऱ्यावर उभं केलं. झालेला सौदा मोडायचा, म्हणजे भाव चढायची भीती; दिवेच हातचे जायचे. तरी घसा फोडून त्यांनी इंजिनाचा भाव पुकारला, तारेचा पुकारला, खांबांचा पुकारला. आणि काय सांगावं! अख्खा बाजार तुटून पडला.

"खांबाचे इतके कायचे? सागाचे खांब आमी देतो!"

"भाजीच्या ओळीले एक दिवा फुकट पायजे!" ही अर्थात लीलाबाई.

रोज घासाघीस करणाऱ्या बायांपुढं ठेकेदार किती टिकणार? भाव चढायचा सोडून आणखी उतरला. नत्थुजी नाचायचेच बाकी होते. दिवापट्टीसाठी हात वर झाले, त्यात लीलाबाईंचा सगळ्यांत आधी.

दिवे लागले त्या संध्याकाळी गावात नुसता कल्ला होता. संत्र्याचा हंगाम, बाजार प्रथमच विजेच्या उजेडात भरला. पुंजाराम शेतकऱ्याची गाडी आली, व्यापारी पुढं झाला, आणि नत्थुजींचा हात रुमालाकडे गेला.

"थांबा नत्थुजी," पुंजाराम म्हणाला. जन्मभर आभाळाकडे बघत उभा राहिलेला हा माणूस आज रुमालाकडे बघत होता. "दिव्याचा भाव उघडा केला, मंग माह्या संत्र्याचा कावून झाकून राहिले?"

नत्थुजींनी वर दिव्याकडे पाहिलं. मग रुमाल झटकून डोक्याला गुंडाळला आणि जन्मात पहिल्यांदा संत्र्याचा भाव मोठ्यानं पुकारला.