कार्ड तापल्याशिवाय घ्यायचं नाही

गेल्या शनिवारी मी आणि आमची धाकटी, स्वरा, निपाणीहून बेळगावला गेलो. कोल्हापूर जवळ पडतं खरं... पण बेळगावची बस कर्नाटकची, तिथं आम्हा बायकांना तिकिटाचे पैसे नाहीत, आधार कार्ड दाखवलं की झालं. मग कशाला सोडा!

काम होतं स्वराच्या कॉम्प्युटरचं. ती अकरावीत आहे, अभ्यासात बरी आहे, आणि गेम खेळते. मैत्रिणींची टीम आहे, आपापल्या घरी बसून सगळ्या एकत्र खेळतात. आमचा कॉम्प्युटर थोरल्याच्या डिप्लोमाच्या वेळचा... ऐन खेळात हँग होतो आणि हिच्यापायी टीम हरते.

शेवटी मैत्रिणींनी सांगून टाकलं, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत नीट कर, नाहीतर आम्ही दुसरी मुलगी घेतो. पोरगी धड जेवेना. मी मॅट्रिक झालेली बाई, मला त्या गेममधलं काही कळत नाही... पण टीममधून काढतो म्हटल्यावर काय वाटतं, ते कळतं.

भिशी नुकतीच लागली होती. तेवढ्यात काय बसतं ते स्वरानं आधीच बघून ठेवलं होतं. एक तर सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्रं झकास दिसणार आणि गेमही पळणार. नाहीतर नवी रॅम आणि एसएसडी... म्हणजे चित्रं साधीच, पण मशीन अडकणार नाही. दोन्ही काही बसत नव्हतं. तिचा सगळा जीव कार्डावर.

दुकानदारानं कार्ड एका उघड्या मशीनला लावलं, गेम सुरू करून दिला. "बघा आक्का, एकदम कंडिशन. बांधू काय?" मी म्हटलं, "चालू दे की जरा. आमास्नी घाई न्हाय." आणि स्टूल ओढून बसले.

ही सवय आमच्या आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. माझं माहेर वडगावचं, घरात साड्यांचे माग. एकदा आप्पा जुना पॉवरलूम बघायला निघाले आणि मला बरोबर नेलं. विकणाऱ्यानं बटण दाबलं, माग छान धावला... तरी आप्पा हलेनात. चालत्या मागाशेजारी पोत्यावर बसून राहिले. मान एका बाजूला कलती, डोळे अर्धे मिटलेले, मधूनच मोटारीजवळ तळहात धरायचा.

आईनं बांधून दिलेली भाकरी आम्ही तिथंच खाल्ली. मी कंटाळून विचारलं, घरी कधी जायचं? तर म्हणाले, "थंड हाय तवर समदंच ग्वाड चालतंय बाळ. तापू दे त्याला."

तेलाचा वास, हवेत उडणारे सुताचे कण... त्या खडखडाटात आप्पांच्या मांडीवर डोकं टेकून मी झोपून गेले होते. तशी झोप आता शांत घरात गादीवरही लागत नाही.

तर मीही बसले. दुकानदार चारदोनदा येऊन बघून गेला. शेवटी न राहवून म्हणाला, "आक्का, ही काय म्हस हाय काय, धार काढून बघायला?"

दुकानातली पोरं खदखदून हसली. मी म्हटलं, "म्हस असती तर सकाळची आणि सांजची, दोन्ही धारा बघितल्या असत्या!"

स्वराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, लोक बघालेत गं... चल की." त्यात मी डबा उघडला. माझा शनिवार, म्हणून मला शेंगदाण्याचा लाडू आणि तिला चपाती-भाजी. तिनं हात लावला नाही, मान खाली घालून खेळत राहिली.

खरं सांगते, मला वेगळं काहीच जाणवत नव्हतं. मागांत वाढलेल्यांचे कान जरा जाडच असतात. पंखा फिरतोय एवढं दिसत होतं, गेमही न अडकता चालला होता. आता पुरे, घेऊन टाकू... असं म्हणत मी पिशवीत हात घातला.

तेवढ्यात स्वरा थांबली. खेळ तसाच सोडून तिनं मान एका बाजूला कलती केली, डोळे अर्धे मिटले आणि कार्डाच्या पंख्याजवळ तळहात धरला. "आई, थांब. आवाज बदलला."

मी तिच्याकडे बघतच राहिले. मान तशीच. हात तसाच. आप्पा गेले तेव्हा ही पोटात होती... हे हिला कुणी शिकवलं?

थोड्याच वेळात स्क्रीनवर रंगीत रेघा आल्या आणि सगळं काळं झालं. दुकानदारही चपापला. "माझ्याकडं आलतं तवा बरं चालत होतं, देवाशपथ आक्का." माणूस खोटा वाटला नाही. दुसरं चांगलं कार्ड दाखवलं त्यानं, पण ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं.

स्वरा त्या काळ्या स्क्रीनकडे बघत बसली. ठरवायचं तिचं तिनं होतं. मग तीच उठली. "काका, रॅम आणि एसएसडी दाखवा. वॉरंटीवाली." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "चित्रं साधी दिसू देत. मी मधेच गायब होणार न्हाई, तेवढं बास."

परतताना बस सुटली तशी तिनं कानातले हेडफोन काढले आणि विचारलं, "आई, आप्पा कसे होते गं?" वाटेतलं संकेश्वर कधी मागं पडलं कळलंच नाही. कितीतरी वर्षांनी आप्पांबद्दल मला कुणी काही विचारलं होतं...

काल तिचा सामना झाला. हरल्या बिचाऱ्या... पण स्वरा शेवटपर्यंत खेळात होती, आणि रविवारच्या सामन्याला तिचं नाव आहे.

संध्याकाळी देवापुढं दिवा लावला, हात जोडले. एरवी माझं मागणं संपता संपत नाही... काल काय मागावं, ते आठवेचना.