पळणाऱ्याच्या मागे पळणारं कुत्रं

हे मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मुलांपाशी नाही. देवापुढे बसलो तरी हा विषय हळूच बाजूला सारत आलो. तुम्हाला का सांगतो आहे, तेही मला नीट कळत नाही. तुम्ही त्यातल्या कुणाला ओळखत नाही, म्हणून असेल. की ज्यांना सांगायला हवं होतं त्यांतलं आता कुणी उरलं नाही, म्हणून?

गोष्ट एका कुत्र्याची आहे. म्हणजे — इतकी वर्षं मी स्वतःला तसंच सांगत आलो.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीचे दिवस. आमचं घर धारवाडात, वस्तीच्या अगदी कडेला. मागे पेरूची बाग आणि तिच्यापलीकडे उघडा माळ. वडिलांना आम्ही अप्पा म्हणायचो. ते वकील, आणि मीही नुकतीच सनद घेऊन त्यांच्या हाताखाली बसायला लागलो होतो. आई लवकर गेलेली. थोरली बहीण, अक्का, नवरा वारल्यावर माहेरी परत आली होती आणि घर तीच सांभाळत होती. गोठ्यात गाय आणि वासरू, चुलीपाशी एक मांजर, आणि अक्काचं करडू.

करडू म्हणजे पुट्टी. कानडीत पुट्टी म्हणजे लहानगी. तिची आई व्याली आणि तशीच गेली. अक्कानं कापसाची वात दुधात बुडवून, ती त्या एवढ्याशा तोंडात धरून तिला जगवलं. सासरहून परत आल्यापासून अक्का कामापुरतंच बोलायची. पण पुट्टीशी मात्र तिचं दिवसभर कानडीत काहीबाही चालायचं. परसात पुट्टी चारी पाय उचलून उड्या मारायला लागली की अक्का पदर तोंडाला लावून हसायची. तिला असं हसताना आम्ही किती दिवसांनी बघत होतो. मला ते दिसत नव्हतं, असं नाही. दिसत होतं. म्हणून तर कळत नाही.

त्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांचं वासरू लांडग्यानं माळावर ओढून नेलं. अप्पा म्हणाले, आता कुत्रं पाळायलाच हवं. शोधायचं काम माझ्याकडे आलं.

"घरात गाय आहे, मांजर आहे, अक्काचं करडू आहे," अप्पांनी मला समोर बसवून सांगितलं. "कुत्रं घेताना त्याचं रूप बघू नकोस. त्याची आई कुणात वाढली, तिच्या आईनं काय काम केलं, ते विचार. त्याच्या जातीत जे आहे तेच ते आपल्या दारात करणार."

माळावर मेंढ्या बसवायला येणाऱ्या एका धनगरापाशी एक पिलू होतं. काळपट, केसाळ, एक कान पडलेला. मेंढ्यांच्या पोटाला पोट लावून झोपायचं. अप्पांना ते पसंत होतं. अक्कालाही. मी "बघू की" म्हटलं. मला त्या पिलाची लाज वाटत होती. लाज — आता हा शब्द लिहितानाही विचित्र वाटतं. कुत्र्याची कसली लाज? पण कोर्टातले माझ्या वयाचे वकील संध्याकाळी फिरायला निघत, तेव्हा त्यांतल्या एकदोघांपाशी गोऱ्या साहेबांकडून आणलेली कुत्री असत. त्यांच्यात ते केसाळ पिलू घेऊन मी चाललो आहे, असं मला दिसायचं आणि नको वाटायचं.

अप्पांचे एक अशील होते, काळ्या मातीच्या मुलखातले इनामदार. त्यांच्याकडे मुधोळकडची शिकारी कुत्री होती. एका कामासाठी मी त्यांच्या गावी गेलो आणि तिथं ते बघितलं. पांढरंशुभ्र, लांब पायांचं, पोट आत गेलेलं, मान हरणासारखी. सशामागे सोडलं तेव्हा शेतावरून वारा जावा तसं ते गेलं. मी मागितलं. इनामदार लगेच हो म्हणाले नाहीत.

"हे पळणाऱ्याच्या मागं पळणारं कुत्रं आहे बघा री," ते म्हणाले. "उभ्या गाईला काही करणार नाही. माणसाला तर नाहीच. पण पुढ्यात काही लहान उडी मारून पळालं, की मग हे तुमचं नाही अन् माझंही नाही. ससा, मांजर, शेळीचं पोर — त्याला सगळं एकच. तुमच्या घरी असलं काही नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. "गाय आहे फक्त."

किती सहज म्हणालो. जीभ अडखळली नाही.

आणि घरी आल्यावर अप्पांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "इनामदारांच्या वाड्यावर शेळ्यांतच वाढलंय. त्यांनी स्वतः सांगितलं." अक्का ओसरीवर धान्य निवडत होती. तिनं मान वर करून कुत्र्याकडे बघितलं आणि विचारलं, "खरंच? शेळ्यांत?"

"शेळ्यांत," मी म्हणालो.

एकच खोटं, पण दोन्हीकडे दोन तोंडांनी. का? करडाला काही होणार नाही, असं मला वाटत होतं का? की काही वाटतच नव्हतं? मी पुष्कळ आठवून बघतो. त्या क्षणी मनात काय होतं, ते हाती लागत नाही. मनात पांढरं कुत्रं होतं, एवढंच आठवतं.

मी त्याचं नाव बाण ठेवलं. पहिले काही दिवस अक्कानं पुट्टीला गोठ्यातच, दार लावून ठेवलं. बाण शांत होता. गाईजवळ जाऊन बसायचा. अक्काच्या हातची भाकरी हळू घ्यायचा. एकदा मांजर त्याच्या समोरून अंगण ओलांडून धावलं आणि त्याचे डोळे बदललेले मी बघितले. मांजर भिंतीवर चढलं म्हणून वाचलं. तेव्हा मी एकटाच तिथं होतो. तेव्हा तरी सांगायचं — नाही? पण सांगायचं म्हणजे आधीचंही सांगावं लागलं असतं. मी बाणाला बांधलं आणि आत जाऊन पान खाल्लं.

पुढं अक्काचं मन हळूहळू निर्धास्त झालं. शेळ्यांत वाढलंय, मग कसली भीती? एके सकाळी ती गोठ्यात शेण काढत होती. दार उघडंच होतं. बाण मोकळा होता, मीच सोडला होता. पुट्टी उन्हात आली आणि तिनं एक उडी मारली.

मला त्यातलं पुढचं फार सांगवत नाही. आवाज झाला नाही. मी पडवीतून धावत गेलो तोवर झालं होतं. बाण पुट्टीला तोंडात धरून माझ्याकडेच आला आणि माझ्या पायाशी ठेवून, शेपूट हलवत उभा राहिला. जणू शाबासकीसाठी. अक्का दारात उभी होती, हाताला शेण तसंच. ती रडली नाही. म्हणाली, "दार मी उघडं टाकलं."

अप्पा बाहेर आले. सगळं बघून एवढंच म्हणाले, "दार लावायचं तरी भान ठेवायचं होतंस, अक्का." ते तिला कधी लागेल असं बोलत नसत. त्या दिवशी बोलले. आणि मी खाली बघत उभा राहिलो.

मी वकील होतो. त्या दिवशी आणि पुढे कितीतरी दिवस मनातल्या मनात बाजू मांडत राहिलो. दार तिनंच उघडं ठेवलं होतं — हे खोटं आहे का? कुत्रं मोकळं आहे हे तिला दिसत नव्हतं का? मग चूक कुणाची? सगळे मुद्दे बरोबर यायचे आणि तरी उत्तर चुकायचं.

अप्पा म्हणाले, कुत्रं इनामदारांना परत देऊ, मी येतो तुझ्याबरोबर. दोघं समोरासमोर आले असते तर? मी म्हणालो, तुम्हाला गाडीचा त्रास कशाला, मीच पोचवून येतो. आणि बाणाला घेऊन निघालो ते इनामदारांच्या गावाकडे नाहीच. आगगाडीत बसलो आणि बरोबर उलट्या दिशेला, अळणावरला उतरलो. तिथं स्टेशनाबाहेर लाकडाच्या गाड्या उभ्या होत्या. एका गाडीवानाच्या हातात मी दोरी दिली. "जरा धरा, तिकीट काढून येतो," म्हणालो. तो भला माणूस, त्यानं धरली. मी तिकीट काढलं आणि परतीच्या गाडीत चढलो. गाडी हलली तेव्हा तो अजून दोरी धरून तसाच उभा होता, माझी वाट बघत. बाणही त्याच्या शेजारी तसाच.

घरी सांगितलं, पोचवलं.

पुढे पावसाळ्यानंतर इनामदार स्वतः आमच्याकडे आले, कोर्टाच्या कामासाठी. मला आधी कळलं असतं तर मी घरात थांबलो नसतो. अक्का पाणी घेऊन आली. तांब्या ठेवला आणि त्यांच्यापुढे उभी राहून म्हणाली, "तप्पु नंदे री. चूक माझीच. करडू मी मोकळं सोडलं. तुमचं कुत्रं चांगलं होतं, शेळ्यांत वाढलेलं. उगाच त्याच्यावर ठपका आला."

इनामदारांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. अप्पा म्हणाले, "कुत्रं सुखरूप पोचलं ना तुमच्याकडे?"

मी जमिनीकडे बघत होतो.

"पोचलं," इनामदार म्हणाले.

त्यांनी ते का म्हटलं? माझ्यासाठी? म्हाताऱ्या अप्पांसाठी? की माझ्याशी बोलण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं? तेही मला आजवर कळलेलं नाही. त्यांना टांग्यापर्यंत पोचवायला मी गेलो. पायरीवर पाय ठेवून ते थांबले.

"कुठं सोडलंत?"

"अळणावरला."

"तिथं रान आहे," ते म्हणाले. "त्याला माळ लागतो. रानात त्याला लांबचं दिसत नाही." आणि टांग्यात बसले. त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. अप्पांकडे मात्र येत राहिले.

अक्का पुढं कितीतरी वर्षं आमच्यातच होती. माझी मुलं तिच्या अंगाखांद्यावर वाढली. एकदा शेजारणीनं मांजराचं पिलू देऊ केलं, तर म्हणाली, "नको ग, माझ्याकडून जिवाची हेळसांड होते." मी तिथंच बसलो होतो. वर्तमानपत्र वाचत होतो. पान उलटलं.

तिची हेळसांड नव्हती. मी तिच्याशी खोटं बोललो होतो, आणि ती माझ्या शब्दावर विसंबून होती. ती जाईपर्यंत मी तिला हे सांगितलं नाही. सांगता आलं असतं. रोज सकाळी ती मला चहा आणून द्यायची.