धक्क्यावरची षष्ठी

आमचं गाव बोरिवलीच्या खाडीपलीकडे. बाहेर पडायचं तर दगडी धक्क्यावरून, होडीनं, आणि तेही भरती असेल तरच. ओहोटीला धक्क्यासमोर नुसता चिखल. वळसा घालून चालत जायचं म्हटलं तर अख्खा दिवस मोडायचा.

धक्का सगळ्यांच्या उपयोगाचा. मासळीच्या टोपल्या तिथं चढायच्या, नव्या नवऱ्या तिथं उतरायच्या, म्हातारे संध्याकाळी तिथं बसून जगाची उणीदुणी काढायचे. मला त्याचा एकच उपयोग दिसायचा: इथून सुटायचं.

पंचावन्न सालच्या आसपासची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची. नर्सिंगच्या शिक्षणासाठी मुलाखतीचं पत्र आलं होतं, मुलाखत सकाळी दहाला, खाडीपलीकडच्या हॉस्पिटलात. तीन वर्षं तिकडेच राहायचं. आई वारलेली, घरात मी आणि बाबा दोघंच. पत्र वाचून दाखवलं तर बाबा म्हणाला, "जा की. मी कुठं अडवतो?"

आमच्या घरात भिंतीवर येशूची तसबीर, पण तिथी तोंडपाठ. तिथीची तिप्पट करायची, चारानं भागायचं, की भरतीची वेळ निघते. मलाही येत होतं. पण बाबाचं पाणी कधी चुकलं नव्हतं, अख्खं गाव त्याला विचारून निघायचं. आदल्या रात्री मी विचारलं. तो जाळं विणत होता, मान वर न करता म्हणाला, "नऊपर्यंत पाणी आहे. साडेआठला निघ."

आईची इस्त्री केलेली साडी नेसून, चपला हातात घेऊन मी साडेआठला धक्क्यावर पोचले. होडी चिखलात आडवी पडली होती.

होडीवाले काका विडी ओढत बसले होते. "आज षष्ठी गं. साडेचारला भरती झाली, सातला पाणी ओसरलं. तुझा बाबा पहाटेच येऊन गेला ना, शेवटची खेप सातच्या आत काढ म्हणाला. तुला नाही बोलला?"

मी चिखलात उतरले. दोन पावलांत गुडघ्यापर्यंत रुतले, काकांनी दंडाला धरून बाहेर ओढलं. साडीची वाट लागली. मग पायऱ्यांवर बसले. समोर बोरिवलीची झाडं दिसत होती, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. दहा वाजले, अकरा वाजले. इतका संताप आला होता की रडूही येईना. चूक माझीच, स्वतः मोजलं असतं तर.

दुपारी बाबा भाकरी घेऊन आला. शेजारी बसला. "मोजण्यात चूक झाली गं."

"तुझी कधी चूक होत नाही."

त्यानं भाकरीचं फडकं सोडून माझ्यापुढे ठेवलं. मग म्हणाला, "तू गेल्यावर मी त्या घरात कोणाशी बोलू?"

अडीचला पाणी आलं, होडी हलली. काकांनी विचारलं, "यायचंय का?" मी भाकरीचं फडकं घडी करून उठले आणि बाबाच्या मागून घरी गेले.

परत पत्र आलं नाही. त्यानंतर बाबा मरेपर्यंत रोज सकाळी, मी न विचारता, मला पाण्याची वेळ सांगायचा. एकदाही चुकला नाही. मला कुठंच जायचं नसायचं.