साध्या रंगाची दहा वर्षं

तेव्हा मी भिलाईला, हुडको वसाहतीतल्या एका लहानशा सल्लागार ऑफिसात कामाला होते. दुकानांच्या वर दोन खोल्या. सर, मी आणि एक ड्राफ्ट्समन. लोखंडी सांगाड्याला कोणता रंग दिला तर तो त्याच्या पूर्ण आयुष्यात किती महाग पडेल, हे काढणं माझं काम. पहिल्यांदा रंगवायचा खर्च कोणीही काढतो. पण पुढे रंग सुटतो, गंज चढतो, मग पुन्हा परांची बांधा, घासा, रंगवा. तीस वर्षांत हे किती वेळा करावं लागेल, यावर सगळं उत्तर अवलंबून.

एका खासगी कारखान्याला अ‍ॅसिडच्या टाक्यांवरून पाइप नेणारा लोखंडी पूल बांधायचा होता. तीन गाळे, म्हणजे खांबांवर टेकलेले पुलाचे तीन तुकडे. मी दोन पर्याय मांडले. एक, तारेच्या ब्रशने घासून वर साधा रंग. दुसरा, वाळूच्या माऱ्याने लोखंड पार पांढरं करून त्यावर इपॉक्सी या चिवट रंगाचे जाड थर. याचा सुरुवातीचा खर्च दुपटीहून जास्त. साधा रंग दहा वर्षं टिकेल असं मी धरलं. रंगाच्या कंपनीच्या पत्रकावर तसं छापलं होतं. हिशेबात साधा रंग थोडक्यात जिंकला. सरांनी सही केली, अहवाल गेला, आणि मी पुढच्या कामाला लागले.

महिनाभराने एका संध्याकाळी कोहका भागातल्या आमच्या घरी चहा घेताना बाबांनी सहज विचारलं, "काय करून राहिली आजकाल?"

बाबा रेल्वेच्या पुलांच्या गँगमध्ये होते. आम्ही मूळचे नागपूरकडचे. माझं लहानपण भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत गेलं. गर्डर घासणं आणि रंगवणं यातच बाबांची नोकरी संपली, आणि रिटायर झाल्यावर ते माझ्याकडे राहायला आले. त्यांच्याच कामातलं काहीतरी मी कागदावर करते, याचं मला मनातून कौतुक होतं. मी जरा ऐटीतच सगळं सांगितलं.

"दहा वर्षं?" ते म्हणाले. "कोन म्हनलं?"

"कंपनीच्या कागदावर आहे, बाबा."

"तो कागद अ‍ॅसिडच्या वाफेतला हाय का?"

मी कप खाली ठेवला. पत्रकातल्या त्या ओळीच्या शेवटी लहान अक्षरात 'सर्वसाधारण हवामानात' असं होतं. ते मी वाचलं होतं. वाचून पुढे गेले होते.

"सपाट जागी रंग टिकते पोरी. कडेले नाही टिकत, बोल्टच्या डोक्याले नाही टिकत. आमी कडेले पह्यले ब्रशनं एक हात मारत होतो, मंग बाकीचं. तू जागा पाह्यली का?"

"नाही."

बाबांनी आपलाही कप खाली ठेवला. मग म्हणाले, "मी एकडाव नदीवरच्या गर्डरवरून खाली आलो होतो. पाय सरकला. बेल्ट होता म्हनून लटकलो. गँगवाल्यायनं वर ओढेपर्यंत खाली पानी पाहून राहिलो होतो."

"हे मले कधी सांगितलं नाही तुम्ही!"

"काय सांगाचं? तुयी आई घाबरली असती." त्यांनी कप उचलला. "दर खेपेस रंग म्हंजे दर खेपेस कोनी न कोनी वर जाते. येवढं ध्यानात ठेव."

माझ्या तक्त्यात 'पुन्हा रंगकाम' ही एक ओळ होती. त्या ओळीत माणूस कुठेच नव्हता.

शनिवारी मी सरांना न सांगता त्या कारखान्यात गेले. मोजमापाचं निमित्त केलं. टाक्यांच्या शेडमध्ये शिरताच घसा खवखवला, डोळ्यांतून पाणी आलं. तिथले सुपरवायझर वयस्कर होते. त्यांनी मला भिंतीलगतच्या एका जुन्या तुळईपाशी नेलं. मी स्कूटीच्या किल्लीने कड खरवडली. तळहाताएवढा पोपडा निघून खाली पडला. आत लोखंड थराथरांनी सुटत होतं.

"ये पेंट कब का है?" मी विचारलं.

"ये दूसरी बार का है मैडम. पहला दो साल भी नहीं चला." ते पुढे म्हणाले, "और पेंट करना मतलब पूरी लाइन बंद. टंकी चालू रहे तो ऊपर कौन चढ़ेगा?"

लाइन बंद ठेवण्याचं नुकसान मी धरलंच नव्हतं. मी ते वहीत टिपत असतानाच त्यांनी शेडच्या दुसऱ्या टोकाला बोट दाखवलं. नव्या पुलाचा पहिला गाळा वर चढला होता. ताजा, चकचकीत साधा रंग. माझ्या अहवालाप्रमाणे.

रविवारी मी नव्याने हिशेब मांडला. दहाच्या जागी दोन वर्षं घातली, लाइन बंद राहण्याचे दिवस घातले. साधा रंग इपॉक्सीच्या कितीतरी पट महाग निघाला. कुठे चूक असेल म्हणून तीनदा तपासलं. चूक असती तर बरं झालं असतं. जेवण गेलं नाही. नवऱ्याने विचारलं तर डोकं दुखतंय म्हटलं. नोकरी जाईल याची भीती होतीच. पण डोळ्यांसमोर सारखा तो वर चढलेला गाळा येत होता, आणि त्याच्या कडेवर बसून खाली टाक्यांकडे बघणारं कोणीतरी.

सोमवारी सर आल्या आल्या मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. जुन्या कागदावरच्या दहाच्या आकड्यावर बोट ठेवून माझी चूक सांगितली. त्यांनी दोन्ही कागद शेवटपर्यंत वाचले.

"रिपोर्ट बनाने से पहले साइट पर गई थी?"

"नहीं सर."

"और मैंने भी पूछा नहीं," ते म्हणाले. मला वाटलं, ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी लगेच कारखान्यात फोन लावला आणि दुपारी मला घेऊन गेले.

तिथले मोठे साहेब मात्र ओरडले. माल कापून झाला होता, अर्ध्यावर रंगही चढला होता. "तुमच्या एका आकड्यासाठी मी काम थांबवू?" मी नवा हिशेब त्यांच्यापुढे सरकवला. तेवढ्यात दाराशी उभे असलेले ते सुपरवायझर हळूच म्हणाले, "साहब, मैडम ठीक बोल रही हैं. हर बार आदमी तो मुझे ही चढ़ाना पड़ता है." साहेब खुर्चीत बसले आणि त्यांनी तो हिशेब पुढे ओढला.

अजून जमिनीवरच असलेल्या दोन गाळ्यांचा रंग काढून त्यांना इपॉक्सी द्यायचं ठरलं. कडांना आणि बोल्टना आधी ब्रशने एक जादा हात द्यायचा, ही ओळ मी स्वतः घातली. वर चढलेला गाळा मात्र तसाच राहिला. चालू टाक्यांवर वाळू मारता येत नाही, आणि तो उतरवायला कोणी तयार नव्हतं. सुधारलेल्या अहवालाच्या पहिल्याच पानावर सरांनी माझ्याकडून लिहून घेतलं: 'आधीच्या अहवालात रंगाचे आयुष्य चुकीचे धरले होते.' खाली आम्हा दोघांच्या सह्या. त्या कारखान्याने आम्हाला पुन्हा काम दिलं नाही.

दोन वर्षं होण्याआधीच सुपरवायझरांचा फोन आला. पहिल्या गाळ्याला रंग करायला घेतलाय, बाकीचे दोन चांगले आहेत, म्हणाले. मी रजा टाकली आणि गेले. लाइन बंद होती, टाक्यांवर फळ्या टाकल्या होत्या. वर दोन रंगारी कड घासत होते. मी तिथे असून काही उपयोग नव्हता. तरी खाली, शेडच्या दारापाशी उभी राहिले. त्यातला एक जण एका तुळईवरून दुसरीवर जायचा तेव्हा मी त्याच्या बेल्टकडे बघायची. दुपारी जेवायला दोघं उतरले, पुन्हा चढले. सुपरवायझर दोनदा म्हणाले, "मैडम, बैठ जाइए." मला बसवेना.

पाचच्या सुमारास ते दोघं खाली आले, हात धुतले आणि उद्या उरलेलं करू म्हणाले. दुसऱ्या दिवसाची रजाही मी तिथूनच फोन करून सांगितली.