पट्टा म्हंजी तोड

झाडापाशी गेले की मामा बोटांची पेरं वाकवून बुंध्यावर तीनदा ठोकायचे, बाजारात कलिंगड बघतात तसं. मग कान लावायचे. आणि मान वर करून झाडालाच सांगायचे, "आतून बरं हाय तुझं." किंवा, "पोकळ झालास की रं." माणसांनाही त्यांचा हाच न्याय होता. एखादा अधिकारी पाहणी करून गेला की त्याच्या गाडीच्या धुरळ्याकडे बघत म्हणायचे, "ठोकून बघाय पायजे."

मामा वनरक्षक होते आणि मी त्यांचा वनपाल. म्हणजे हुद्द्यानं मी वरचा, वयानं ते पंधरा वर्षांनी मोठे. म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो आणि ते मला साहेब. आमच्याकडे कासुर्डीच्या मागची टेकडी आणि तिच्या पायथ्याचा माळ होता. वन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं, तसं ते नव्हे. कुसळीचं गवत, बाभळी, हिवर, मध्येच एखादा चिंकारा, आणि एका अंगाला खात्यानं लावलेली सुबाभूळ. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यानं विचारलं होतं, "जंगल कुठे आहे?" मामांनी त्याच्या बुटांकडे बोट दाखवलं. "त्याच्यावरच उभं हायसा. जरा बाजूला व्हता का?"

त्यांचा मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी खिशात आणि मोबाइल बंद. "बॅटरी राखून ठेवतो," म्हणायचे. कशासाठी? तर, "वणव्यासाठी."

मामांचे वाडवडील मेंढरं घेऊन हिंडणारे. आता घरं झाली, शेती झाली, तरी नात्यातल्या काहींचे कळप अजून होते. एकदा त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याची मेंढरं नव्या रोपांत शिरली. मामांनी मेव्हण्यावर रीतसर गुन्हा नोंदवला आणि मग स्वतः बादलीनं पाणी ओढून मेंढरांना पाजलं. मेव्हणा ओरडला, "दाजी, मला गुन्हा आन् ह्यांना पानी व्हय?" मामा म्हणाले, "कायदा मेंढक्याला हाय. मेंढरानं कुठं वाचलाय?"

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो. ते टाळता आलं असतं तर हे लिहायला बसलोच नसतो.

पायथ्याची सुबाभूळ तोडायला मंजुरी आली होती. शेकडो झाडं, आणि त्यांच्या मध्ये नऊ जुने कडुलिंब. लिंब राखायचे होते. मी नुकताच प्रशिक्षण घेऊन आलो होतो. डोकं चालवलं. शेकडो सुबाभळींना रंगाचे पट्टे मारत बसण्यापेक्षा नऊ लिंबांना मारू. ज्याला पट्टा ते राखायचं, बाकी सगळं तोडायचं. अर्ध्या तासाचं काम.

मामा ब्रश हातात धरून तसेच उभे राहिले. "साहेब, आपल्याकडं पट्टा म्हंजी तोड. पार आज्यापंज्यापासनं."

"मी उद्या सकाळी इथे असणार आहे. मजुरांना मीच समजावून सांगतो."

"तुम्ही सांगाल वो एकडाव. रंग रातभर झाडावर बसून तेच सांगंल."

तरी त्यांनी मी सांगितलं तसे पट्टे मारले.

दुसऱ्या दिवशी मला दौंडला बैठकीला बोलावणं आलं. मामांना मी आदल्या दिवशीच टेकडीच्या पलीकडची, वणवा अडवायला मोकळी केलेली जाळपट्टी बघायला सांगून ठेवलं होतं. तिकडे रेंज नाही, आणि असती तरी त्यांचा मोबाइल वणव्यासाठी राखलेला. बैठक सकाळी लवकरची, नऊला संपेल असं मी धरून चाललो होतो. पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. तोडणारी टोळी परमुलखातली, नवी. त्यांचा मुकादम हसत पुढे आला. "साब, पट्टेवाला सब हो गया."

नऊ लिंब आडवे पडले होते आणि त्यांच्या भोवती सगळी सुबाभूळ वाऱ्यावर हलत मजेत उभी होती. ओल्या लिंबाचा तो कडू वास माझ्या शर्टाला दोन दिवस राहिला.

मामा दोनच्या सुमारास खाली उतरले. एकेका लिंबापाशी जाऊन आले. एकालाही ठोकलं नाही. "नऊच्या नऊ," एवढंच म्हणाले. मग मुकादमाकडे वळून, "मानसं जेवली का?"

रेंजरसाहेबांनी माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. मी तो घरी बसून, सुवाच्य अक्षरात लिहिला. त्यात एक वाक्य होतं: सदर वनरक्षकाकडून खुणा करताना गैरसमज झाल्याने हा प्रकार घडला. एकच वाक्य. मनाला मी समजावलं की मामांची नोकरी दीड वर्ष राहिली आहे आणि माझी सोळा-सतरा वर्षं. मामांनी विचारलं, "काय लिवलं, साहेब?"

"झालं ते लिहिलं."

"मग बरं."

महिन्याभरात मामांची बदली शिरूरच्या लाकूड डेपोवर झाली. जिवंत झाडांवर तीस वर्षं नजर ठेवलेला माणूस तोडलेल्या ओंडक्यांच्या राखणीला गेला. जाताना त्यांनी मला टेकडीवरची पाण्याची जागा दाखवली, चिंकारे कुठून येतात ते सांगितलं, आणि न्हावरेमार्गे जाणाऱ्या एसटीत बसून गेले. तक्रारीचा एक शब्द नाही. तो नसल्यामुळेच मी पुरता अडकलो.

पुढचे दहा महिने फिरतीवर निघालो की त्या नऊ बुंध्यांना वळसा घालून जायचो. शेवटी एका सकाळी दौंडच्या ऑफिसात बसून दुसरा कागद लिहिला. चूक माझी, आदेश माझा, पहिला खुलासा खोटा. एका दमात असा खरडला की अक्षर माझं मलाच लागेना. रेंजरसाहेबांनी तो दोनदा वाचला. "आता कशाला उकरताय?" म्हणाले. पण माणूस सरळ होता. मला लेखी ताकीद मिळाली आणि मामांना त्यांच्या जुन्या बीटवर, म्हणजे टेकडीवर, परत पाठवण्याचा हुकूम निघाला.

तो हुकूम घेऊन मी स्वतः मोटरसायकलवर शिरूरला गेलो. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

डेपोत ओंडक्यांच्या थप्पीच्या सावलीला मामा पाय लांब करून बसले होते. समोर रस्त्यापलीकडचे चहावाले चाचा. दोघांच्या मध्ये एक रुंद ओंडका, त्याच्या कापावर कोळशानं वाघबकरीचा पट काढलेला. चाचांनी मला चहा दिला आणि मामांची कागाळी केली. लिलावाच्या दिवशी हे म्हणे गिऱ्हाइकांच्या कानात सांगत फिरतात, "ह्यो घिऊ नका, आतून गेलाय."

"मग गेलेलाच हाय त्यो," मामा म्हणाले.

मी हुकूम पुढे केला आणि सगळं सांगून टाकलं. पहिला कागद, दुसरा कागद, मधले दहा महिने. चाचा उठून जायला लागले, तर मामांनी त्यांचा हात धरून खाली बसवलं. मग हुकुमाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"म्हंजी मला परत टेकडी चढाय लागनार?"

मला वाटलं चेष्टा करतायत.

"साहेब, तुमचं मन हलकं झालं. माझे गुडघे जड झाले."

चाचा म्हणाले, "अहो, यायच्या आधी मामांना एक शब्द विचारायचा तरी. माणूस जरा सुखानं बसला होता. लेक इथं जवळ, डबा गरम येतो."

मामा पटाकडे बघत म्हणाले, "नाव घालताना बी न्हाई इचारलं, काढताना बी न्हाई." आणि त्यांनी बकरी सरकवली.

म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. मी चहा संपवला. दुसरं काय करणार होतो?

हुकूम फिरवता आला नाही. मामांचे शेवटचे सहा-सात महिने टेकडीवरच जायचे होते. मी म्हटलं, मामा, खालची हद्द तुम्ही बघा, वरची दर मंगळवारी मी फिरतो. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तुम्ही? हरवाल की वो." पण हो म्हणाले.

पुढे आमचे मंगळवार मोठ्या मजेत गेले. वरच्या हद्दीला दगड रचून केलेले खुणेचे दहा बुरूज, प्रत्येकाला क्रमांक. मी ते चढून येईपर्यंत मामा खाली बाभळीखाली भाकरी सोडून बसलेले. मी टेकलो की परीक्षा सुरू. तिसऱ्यापाशी लेंड्या कुणाच्या होत्या? ओल्या का वाळल्या? पाचव्याच्या बोरीला पाला आला का? चुकलं की भाकरीबरोबरचा ठेचा माझ्यापासून लांब सरकायचा. "साहेब, तुम्ही डोंगर चढताय, बघत न्हाई." तीन महिन्यांत मला त्या माळावर जेवढं दिसलं, तेवढं आधीच्या सगळ्या नोकरीत दिसलं नव्हतं.

एका मंगळवारी ऊन फार होतं. मी सहाव्या बुरुजावरून परत फिरलो. खाली येऊन म्हटलं, "सगळं ठीक."

"सातव्यापाशी?"

"ठीक."

"सातवा परवाच ढासळलाय. मेव्हना सांगून गेला."

मी मान खाली घातली. काही क्षण पुन्हा एखादं सुवाच्य वाक्य सुचतंय का, तेच शोधत होतो, हेही कबूल करतो. मग म्हटलं, "नाही गेलो, मामा. ऊन होतं."

"व्हय, व्हतंच लई." त्यांनी फिरतीची डायरी माझ्यापुढे ठेवली. "तसंच लिवा." आणि मी लिहीत असताना ठेच्याची वाटी माझ्या बाजूला सरकवली.

निवृत्तीच्या दिवशी दौंडच्या ऑफिसात त्यांची फाइल टेबलावर होती. माझे दोन्ही कागद तिच्यात होते. मी क्लार्कला हळूच म्हटलं, पहिला काढून टाकता येईल का? मामांनी ऐकलं. "राहू द्या वो," ते म्हणाले. "अक्षर लई झ्याक आलंय त्यात. दुसरं तर कुनाला वाचताच यायचं न्हाई." सगळे हसले. क्लार्कला काय कळलं कोण जाणे, पण तोही हसला.

ते तडक शिरूरला लेकीकडे गेले आणि दुसऱ्या दिवसापासून चाचांच्या टपरीवर बसायला लागले. गेल्या थंडीत झोपेतच गेले. चाचांचा फोन आला.

टेकडीवर आता नवा वनरक्षक आहे, तरुण, पायानं चपळ. मी वर जायची काही गरज उरलेली नाही. तरी दर मंगळवारी सातव्याच्या पुढे, दहाव्यापर्यंत जाऊन येतो. बहुतेक मंगळवारी. ज्या दिवशी जात नाही, त्या दिवशी डायरीत लिहितो, गेलो नाही.