चार अक्षरांचा ज

“आपल्यात अशी शिवी नाय,” दादा म्हणाले.

मी कागदावरून नजर उचलली. “तिकडे जाऊन शिकले असतील. फौजेत सगळ्या मुलखांची माणसं असतात,” मी म्हटलं.

“आसंल,” दादा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मी जर्मनमधून मराठीत भाषांतर करते. सत्तावीस वर्षं झाली. तळोज्याच्या कारखान्यांत जर्मनीहून मशीन येतं, त्याच्यासोबत जाडजूड मॅन्युअल येतं. कुठला बोल्ट किती आवळायचा हे ऑपरेटरला कळेल अशा मराठीत मी ते लिहून देते. पनवेलमध्ये हे काम करणारं फारसं कोणी नाही, म्हणून नीलेश माझ्याकडे आला. उरणजवळच्या गावचा, पोर्टवर नोकरीला. त्याच्या फोनवर टाइप केलेल्या अठरा पानांचे फोटो होते.

जर्मनीतल्या एका बाईंना कपाटात आपल्या आजोबांनी लिहिलेल्या आठवणी सापडल्या होत्या. आजोबा दुसऱ्या महायुद्धात सैनिक होते, उत्तर आफ्रिकेत इंग्रजांच्या कैदेत पडले. छावणीवर पहारा आपल्याकडच्या शिपायांचा. त्यांतल्या एकाचं नाव आजोबांनी लिहून ठेवलं होतं, हिराजी. गावाचं नावही होतं. बाईंनी त्या गावाच्या फेसबुक ग्रुपवर चौकशी केली. हिराजी म्हणजे नीलेशचे पणजोबा, दादांचे वडील.

दादा म्हणजे नीलेशचे आजोबा, पंच्याऐंशीचे. हृदय थकलेलं. “मॅडम, दादांना एवढं ऐकायचंय. लवकर होईल का? डॉक्टरांनी फार दिवस सांगितले नाहीत,” नीलेश म्हणाला.

हिराजी लढाईवरून परत आले ते मुके होऊनच. तिकडचं एक अक्षरही काढलं नाही. जेवता जेवता ताटावरून उठून जायचे. कैद्यांवर पहाऱ्याला होते एवढं गावाला ठाऊक होतं, तेवढं पुरे झालं. यानं गोऱ्या कैद्यांना छळलं, त्यांचा तळतळाट लागला, असं लोक बोलायला लागले. दादांनी हे लहानपणापासून ऐकलं होतं. खरं काय ते या पानांत असेल अशी त्यांची आशा.

आमच्या धंद्यात ‘लवकर’ हा वाईट शब्द आहे. घाईचं काम आलं की आम्ही आधी सॉफ्टवेअरकडून कच्चा मसुदा काढतो आणि तो दुरुस्त करतो. याला पोस्ट-एडिटिंग म्हणतात. मी पहिली दहा पानं तशीच केली. सहाव्या पानावर हे वाक्य होतं : ‘रोज संध्याकाळी हिराजी तारेपाशी यायचा, एकेकाकडे बोट दाखवून ओरडायचा, डशेवला काज! त्याच्या भाषेतली शिवी असावी.’

शब्द कळला नाही की तो जसाच्या तसा ठेवायचा, हा आमचा नियम. मी ठेवला. लेखक स्वतःच शिवी म्हणतोय, मग शिवीचं शुद्धलेखन कोण तपासत बसतंय?

दादांना मी ती पानं त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवली. मध्येच त्यांनी विचारलं, “माज्या बापसानी त्यांना मारला काय?”

“नाही दादा. मारल्याचं कुठेही नाही. फक्त शिव्या द्यायचे.”

“कंची शिवी?”

मी कागदावरची शिवी वाचली. आणि दादा ते म्हणाले, जे मी सुरुवातीला लिहिलं आहे. त्यांनी मला चूक दाखवून दिली होती. मी त्यांनाच समजावून आले.

महिन्याभरानं दादा गेले. पुढे नीलेशचा फोन आला, “राहिलेली पानं पण करून द्या मॅडम, घरात ठेवायला. घाई नाही.” घाई नव्हती म्हणून मी मूळ जर्मन समोर घेऊन बसले. चौदाव्या पानावर हिराजी पुन्हा आले. ‘ते शब्द ओरडताना तो पाचही बोटं जुळवून तोंडाकडे न्यायचा, जणू शिवी तोंडातून काढून आमच्यावर फेकतोय.’

कोणाचा हावभाव शब्दांत उतरवायचा असला की मी तो आधी करून बघते, जुनी सवय आहे. पाच बोटं जुळवली, तोंडाशी नेली आणि तिथेच थांबले.

मग मूळ शब्द नीट बघितले. Dschewla kaj. जर्मन माणसाला आपला ज लिहायला चार अक्षरं लागतात, डी, एस, सी, एच. त्यांचा डब्ल्यू म्हणजे आपला व. त्यांचा जे म्हणजे य. मी जर्मनचे क्लासही घेते, तिथे हे पहिल्याच आठवड्यात शिकवते.

जेवला काय.

पहाऱ्यावरचा माणूस रोज संध्याकाळी एकेका कैद्याला विचारत होता, जेवला काय? ओरडत होता, कारण मिठागरावरचा माणूस. या बांधावरून त्या बांधावर हाक पोचवायची सवय. तिकडच्या लोकांचं प्रेमानं बोलणंही परक्याला भांडण वाटतं. जर्मनाला मराठी येत नव्हतं, त्याचं चुकलं तर समजू शकते. माझी तर मातृभाषा. मला स्वतःची लाज वाटली. त्या दिवशी काम पुढे गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गावाला गेले. नीलेश होता, त्याची आई सुमनताई होत्या. काही न झाकता सगळं सांगितलं, सॉफ्टवेअरचंसुद्धा.

“मॅडम, दादा तुम्हाला बोलले होते,” नीलेश म्हणाला. “आपल्यात अशी शिवी नाय म्हणून.”

“हो. बोलले होते.”

“गप रं,” सुमनताई त्याला म्हणाल्या. मग पदर बोटाला गुंडाळत सांगू लागल्या. “तुमी वाचून गेलाव ना, त्याच्या मागून पितरं आली. दादांनी एक पान जास्त वाडायला लावला. मी इचारला, यो कोनाला? तर बोलले, त्या गोऱ्यांना. माज्या बापसानी त्यांना शिव्या घातल्या. हात जोडून बसले पानासमोर. बोलले, माफी करा, बापूस अडानी व्हता.”

“ही चूक माझी,” मी म्हटलं.

“जाऊ द्या बाय,” त्या म्हणाल्या. “बापसानी इचारला जेवला काय, पोरानी जेवाला वाडला. पान काय फुकट नाय गेला.”

त्यांचं मन मोठं. माझं समाधान झालं नाही, आजही नाही. बापाचा अभिमान वाटावा अशी गोष्ट त्या अठरा पानांत होती, आणि म्हातारा माणूस त्याच बापाच्या वतीनं माफी मागून गेला. ती माफी त्याला मी मागायला लावली.

सॉफ्टवेअर मी सोडलेलं नाही. धंदा आहे, मॅन्युअलं थांबत नाहीत. पण जुन्या कागदांत कोणी एखाद्या शब्दाला शिवी म्हटलं असेल, तर तो आधी मोठ्यानं उच्चारून बघते. आणि समोरचा म्हातारा ‘आमच्यात असा शब्द नाही’ म्हणाला, तर वाद न घालता कागद पुन्हा उघडते.