पडद्याआडचा थेंब
स्पिरिटचा वास आला, की मला कोल्हापूरच्या घरातला हिरवा पडदा आठवतो. महाराजांच्या कारकिर्दीतली गोष्ट. मी सात वर्षांची होते आणि दहा दिवस ताप हटत नव्हता. पडदा वाऱ्यानं हलला, की रंकाळ्याचं पाणीच घरात शिरल्यासारखं वाटे आणि आईच्या मांडीवर पडल्या पडल्या मी त्यात तरंगत राही. आई गोषातली, म्हणून डॉक्टर पडद्यापलीकडे बसले. त्यांनी सुई आणि काचेची पट्टी खालून आत सरकवली आणि माझ्या बोटातला थेंब काचेवर घ्यायला सांगितलं. पितळी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहून ते म्हणाले, "रक्तात काही दोष नाही. साधा ताप आहे, उतरेल." पेटी मिटल्याचा आवाज आला. आईचा श्वास माझ्या कपाळावर अडखळला, आणि एकाएकी मला कडेवर घेऊन ती पडद्याबाहेर आली. डोईवरचा पदर पार खांद्यावर आला होता. "डाक्टर, ते रगत माझं हाय. पोरीला टोचायला हातच उचलंना की माझा!" डॉक्टरांनी पेटी पुन्हा उघडली आणि स्वतः माझं बोट धरून सुई टोचली. या खेपेला पाहता पाहता त्यांचा चेहरा बदलला. काचेवर पांढऱ्या पेशींची नुसती गर्दी होती. "आत कुठंतरी पू धरलाय," म्हणत त्यांनी माझी मांडी दाबली आणि मी किंचाळले. तिथंच चीर देऊन त्यांनी पू काढला, म्हणून मी वाचले. आज नातीचं रक्त तपासायला घेतात, तेव्हा मला सगळं कळत असतं, तरी सुई दिसली की माझंच बोट आधी पुढं होतं.